जावा वेब ॲप्लिकेशनचं लॉगिंग : पहिल्याच दिवशी बसवायची घडी

ग्राहकाचा फोन येतो : पैसे खात्यातून गेले, पण ऑर्डर दिसत नाही. प्रॉडक्शन सर्व्हरला डीबगर लावता येत नाही आणि तीच ऑर्डर पुन्हा टाकूनही बघता येत नाही. हाताशी असतो तो फक्त लॉग. त्या लॉगमध्ये ‘इथे आलं’, ‘इथे आलं २’, ‘नल आहे का?’ अशा ओळी असतील, किंवा डिस्क भरल्यामुळे चार दिवसांपूर्वीच लिहिणं थांबलं असेल, तर टीममधल्या सगळ्यात हुशार माणसालाही कपाळाला हात लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

बहुतेक प्रोजेक्टमध्ये लॉगिंगची फाइल जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी होऊन येते आणि रिलीज होईपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खरं तर हे एका दुपारचं काम आहे. ते करताना एकच कसोटी लावा : हा कोड ज्यानं लिहिलेला नाही, त्याला नुसता लॉग वाचून काय घडलं ते कळेल का? पुढची जवळजवळ सगळी सेटिंग्ज याच कसोटीवर ठरवता येतात. उदाहरणासाठी लिनक्सवर चालणारा टॉमकॅट आणि त्यावर डिप्लॉय केलेली वॉर फाइल धरू. स्प्रिंग बूटमध्ये जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगतो.

लिहिणारी लायब्ररी एकच

जावात लॉगिंगच्या लायब्रऱ्यांची खोगीरभरती झालेली आहे. २००२ साली जावा १.४ सोबत भाषेचं स्वतःचं लॉगिंग आलं, पण तोवर लोकांना लॉग४जेची सवय लागली होती. शिवाय कॉमन्स लॉगिंग होतं, पुढे एसएलएफ४जे आली. त्यामुळे तुमच्या वॉरमध्ये पन्नास जार असतील, तर त्यातली प्रत्येक जार आपापल्या आवडीच्या लायब्ररीकडे लॉग पाठवत असते.

यावरचा तोडगा आता रुळलेला आहे. तुमच्या कोडनं फक्त एसएलएफ४जेला हाक मारायची. ती स्वतः काही लिहीत नाही, आलेलं पुढे देते. प्रत्यक्ष लिहायला मागे एकच लायब्ररी ठेवायची : लॉगबॅक किंवा लॉग४जे २. नवा प्रोजेक्ट असेल तर लॉगबॅक घ्या, स्प्रिंग बूटही न सांगता तीच घेतं. बाकीच्या जारचं बोलणं एसएलएफ४जेकडे वळवायला छोट्या जोड-जार मिळतात. कॉमन्स लॉगिंगसाठी वेगळी, जुन्या लॉग४जेसाठी वेगळी, जावाच्या अंगभूत लॉगिंगसाठी वेगळी. मात्र जुन्या लॉग४जेकडून एसएलएफ४जेकडे नेणारी आणि एसएलएफ४जेकडून जुन्या लॉग४जेकडे नेणारी अशा दोन्ही जार एकत्र आल्या, तर एकच मेसेज दोघींमध्ये फिरत राहतो आणि ॲप्लिकेशन स्टॅक ओव्हरफ्लो होऊन पडतं.

ॲप्लिकेशन सुरू होताना एसएलएफ४जे काय म्हणते ते नीट वाचा. ‘एकही प्रोव्हायडर सापडला नाही’ असं ती म्हणाली, तर तुमचे सगळे लॉग मुकाट्यानं फेकून दिले जाताहेत. ‘एकापेक्षा जास्त सापडले’ म्हणाली, तर त्यातला कुठला उचलला जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या तक्रारीमागे बरेचदा आवृत्त्यांचा घोळ असतो : एसएलएफ४जे २.० ला लॉगबॅक १.३ किंवा त्यापुढची लागते, १.२ चालत नाही. मेवनचं डिपेन्डन्सी ट्री छापून बघा, नको ती जार कुणाच्या पदराला धरून आत आली ते दिसेल. तिथेच तिला एक्सक्लूड करा.

त्याच यादीत लॉग४जेच्या आवृत्त्याही बघून घ्या. लॉग४जे १ ची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली. लॉग४जे २ वापरात असेल, तर २.१७.१ च्या खाली राहू नका. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘लॉग४शेल’ या त्रुटीला १० पैकी १० अशी तीव्रता दिली गेली होती. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात, म्हणजे अगदी ब्राउझरनं पाठवलेल्या हेडरमध्येसुद्धा, एक विशिष्ट ओळ पेरली की लॉग४जे तिचा अर्थ लावायला परक्या सर्व्हरकडे जाई आणि तिथून आलेला कोड चालवून बसे. त्या महिन्यात दुरुस्तीच्या आवृत्त्या एकामागून एक आल्या. आपल्या वॉरमध्ये कुठली जार आहे हेच ठाऊक नसलेल्या टीमचा सगळा वेळ ती शोधण्यात गेला.

फाइल कुठे आणि किती दिवस

लॉगबॅकची एक्सएमएल फाइल प्रोजेक्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये ठेवली की ती वॉरच्या क्लासेस फोल्डरमध्ये जाते आणि लॉगबॅकला सापडते. नाव चुकलं किंवा फाइल पॅकेजमध्ये गेलीच नाही, तर लॉगबॅक रडत नाही. ते डीबग लेव्हलपासून सगळं कन्सोलवर ओतायला लागतं. लॉग अचानक दसपटीनं वाढला, तर आधी हेच तपासा. फाइलच्या सर्वांत बाहेरच्या टॅगला डीबग हा गुण ट्रू करून दिला, की सुरू होताना लॉगबॅक कुठली फाइल उचलली आणि काय काय उभं केलं ते सांगतं. स्प्रिंग बूटमध्ये फाइलच्या नावात ‘लॉगबॅक’नंतर ‘-स्प्रिंग’ जोडा, म्हणजे डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन यांच्यासाठी वेगवेगळे विभाग एकाच फाइलमध्ये लिहिता येतात.

लॉग फाइलचा पत्ता नेहमी पूर्ण द्या. नुसतं ‘लॉग्ज फोल्डरमध्ये’ असं लिहिलंत, तर टॉमकॅट ज्या फोल्डरमधून सुरू झाला त्यावर फाइलची जागा ठरते. हातानं सुरू केला तर एकीकडे, सिस्टमडीनं सुरू केला तर दुसरीकडे. टॉमकॅटच्या कॅटलिना बेसचा पत्ता लॉगबॅकच्या फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून मिळतो, तो वापरा. लॉगसाठी वेगळा फोल्डर केलात, तर त्यावर टॉमकॅटच्या युजरला लिहिण्याची परवानगी द्या. डेबियनच्या टॉमकॅट ९ पॅकेजमध्ये तेवढ्यानंही भागत नाही. त्याच्या सिस्टमडी सेवेत ठरावीक फोल्डरच लिहिण्यासाठी खुले असतात, बाकी सगळं बंद. परवानग्या बरोबर असूनही ‘लिहिता येत नाही’ असं येत असेल, तर सेवेच्या फाइलमध्ये तुमचा फोल्डर जोडा.

टॉमकॅटची कॅटलिना डॉट आउट ही फाइल हा स्वतंत्र विषय आहे. कन्सोलवर जे जे जातं ते तिच्यात साठतं आणि टॉमकॅट ती आपणहून कापत नाही. म्हणून प्रॉडक्शनमध्ये तुमचा लॉग स्वतःच्या फाइलमध्ये जात असेल, तर कन्सोल अपेंडर काढून टाका, नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा साठते. फुगलेली कॅटलिना डॉट आउट चालू टॉमकॅटखालून डिलीट करण्यातही अर्थ नाही. फाइल यादीतून जाते, पण टॉमकॅटनं ती उघडून धरलेली असल्यामुळे डिस्कवरची जागा सुटत नाही. ती जागच्या जागी रिकामी करावी लागते. लॉगरोटेट लावत असाल, तर त्यातला ‘आधी कॉपी, मग रिकामी’ हा पर्याय निवडा.

तुमच्या स्वतःच्या फाइलसाठी तारीख आणि आकार दोन्ही पाहणारी रोलिंग पॉलिसी घ्या. तिला चार गोष्टी सांगायच्या असतात : जुन्या फाइलचं नाव कसं पडेल, एक फाइल किती मोठी झाल्यावर कापायची, किती दिवसांचा इतिहास ठेवायचा आणि सगळ्या जुन्या फाइली मिळून कमाल किती जागा घेतील. नावाच्या शेवटी जीझेड लिहिलं की जुनी फाइल आपोआप दाबून ठेवली जाते.

इथे दिवस आणि जागा यांचा मेळ घालायला लोक विसरतात. समजा, रोज २ जीबी लॉग होतो आणि दाबल्यावर तो २०० एमबी उरतो. इतिहास १८० दिवसांचा मागितला, पण एकूण जागेची मर्यादा मात्र कुठल्याशा उदाहरणातून उचललेली ३ जीबी ठेवली. तर प्रत्यक्षात हाती उरतात १५ दिवस. बाकीच्या फाइली लॉगबॅक गुपचूप पुसून टाकतं. १८० दिवसांना ३६ जीबी लागतात. तेवढी जागा नसेल, तर जुन्या फाइली दुसरीकडे हलवा.

१८० हा आकडा मी मनानं घेतलेला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतात सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळून ठेवावे लागतात. घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची, हेही त्यात आहे. तुमचं काम त्यात बसत असेल, तर मर्यादा ठरवण्याआधी कंपनीतल्या सुरक्षेच्या माणसाशी बोलून घ्या.

लेव्हल : आरडाओरडा कुणी करायचा

एसएलएफ४जेच्या पाच लेव्हल आहेत : ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न आणि एरर. प्रॉडक्शनमध्ये रूट लॉगर इन्फोवर ठेवा, फारच बोलणाऱ्या लायब्रऱ्यांना वॉर्नवर आणा आणि तुमच्या स्वतःच्या पॅकेजसाठी वेगळा लॉगर लिहा. पॅकेजचं नाव दिलं की त्याखालचं सगळं तीच लेव्हल घेतं, प्रत्येक क्लाससाठी वेगळी ओळ नको. त्या वेगळ्या लॉगरला स्वतःचा अपेंडर दिलात, तर ॲडिटिव्हिटी फॉल्स करा. नाही केलीत, तर तीच ओळ रूटकडेही जाते आणि दोनदा छापली जाते.

लेव्हलचा अर्थ टीमनं एकदा बसून ठरवावा. एरर म्हणजे कुणीतरी उठून काहीतरी करायला हवं. युजरनं पासवर्ड चुकवला, तर ती एरर नाही. पेमेंट गेटवेनं पैसे घेतले आणि आपल्याकडे नोंद झाली नाही, ती एरर. वॉर्न म्हणजे या वेळी निभावलं, पण वारंवार होऊ लागलं तर बघावं लागेल. इन्फो म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची घटना घडली. रोज शेकडो खोट्या एरर येत असतील, तर खरी आली त्या दिवशी कुणाचंही लक्ष जाणार नाही.

हायबरनेट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. एसक्यूएल दाखवणारं ‘शो एसक्यूएल’ सेटिंग लॉगरला वगळून थेट कन्सोलवर लिहितं. त्याला लेव्हल लागू होत नाही, तारीख लागत नाही, फाइलही बदलता येत नाही. ते बंद करा आणि हायबरनेटच्या एसक्यूएल लॉगरला गरजेपुरतं डीबगवर आणा.

चालू सर्व्हर बंद न करता लेव्हल बदलण्याची सोयही आजच करून ठेवा. लॉगबॅकच्या फाइलमध्ये स्कॅन ट्रू केलं की फाइल बदलल्याचं त्याला ठरावीक वेळानं कळतं. पण बदलायची फाइल वॉरच्या आत अडकलेली असेल तर अडचण होते, म्हणून ती बाहेर ठेवून जेव्हीएमच्या ऑप्शनमधून तिचा पत्ता द्या. स्प्रिंग बूटमध्ये ॲक्चुएटरचा लॉगर्स एन्डपॉइंट हेच काम करतो. तो लॉगिनशिवाय उघडा मात्र ठेवू नका.

एका ओळीत काय काय हवं

चांगली ओळ कशी दिसते ते बघा. मराठीत मांडली तर ती अशी असेल :

२०२५-०३-१४ १४:३२:०७.४१८ +०५:३० | एरर | एक्झेक-१७ | विनंती ७फ३क९ | पेमेंटसेवा | ऑर्डर ४८२१५ : पैसे मिळाले, नोंद झाली नाही, डेटाबेस कनेक्शन ३० सेकंदांत मिळालं नाही

वेळ मिलिसेकंदांपर्यंत आहे आणि पुढे टाइमझोन आहे. सर्व्हर यूटीसीवर आणि ग्राहक भारतीय वेळेत बोलणारा असेल, तर साडेपाच तासांचा हा फरक लिहून ठेवलेलाच बरा. त्यानंतर लेव्हल, थ्रेड, विनंतीचा क्रमांक, लॉगरचं नाव आणि शेवटी मजकूर. मजकुरात ऑर्डरचा क्रमांक आहे, त्यामुळे ग्रेप करून शोधता येतं. सोर्स कोडमधला ओळ क्रमांक छापण्याचा मोह प्रॉडक्शनमध्ये टाळा. तो काढायला दर वेळी स्टॅक चाळावा लागतो आणि ते महाग पडतं.

यातला विनंतीचा क्रमांक सगळ्यात उपयोगी आहे. एकाच वेळी शंभर लोक साइट वापरत असताना लॉगमधल्या ओळी एकमेकींत मिसळतात. सर्व्हलेट फिल्टरमध्ये प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्या, तो एमडीसीमध्ये, म्हणजे लॉगिंग लायब्ररीनं प्रत्येक थ्रेडसाठी ठेवलेल्या कप्प्यात, ठेवा आणि ओळीच्या पॅटर्नमध्ये त्याचा उल्लेख करा. मग एका क्रमांकावर ग्रेप मारला की त्या ग्राहकाची पूर्ण कहाणी सलग वाचता येते. हाच क्रमांक रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये आणि एरर पेजवरही दाखवा, म्हणजे ग्राहक फोनवर तो वाचून दाखवू शकेल.

एमडीसी थ्रेडला चिकटलेला असतो आणि टॉमकॅट तेच थ्रेड पुन्हा पुन्हा वापरतो. काही बदललं नसेल, तर त्यांची कमाल संख्या २०० असते. त्यामुळे काम संपल्यावर फायनली ब्लॉकमध्ये क्रमांक पुसलाच पाहिजे. विसरलात, तर एका ग्राहकाचा क्रमांक दुसऱ्याच्या ओळींवर चढेल आणि तुम्ही भलत्याच माणसाच्या मागे लागाल. काम दुसऱ्या थ्रेडवर सोपवलं, की क्रमांक आपोआप तिकडे जात नाही. स्प्रिंगमध्ये त्यासाठी टास्क डेकोरेटर लिहावा लागतो.

कोड लिहिताना

कॉन्फिगरेशन कितीही चांगलं असलं, तरी कोडमध्येच चुकीचं लिहिलं तर लॉग वाया जातो. स्ट्रिंग अधिक-चिन्हानं जोडू नका, महिरपी कंसांची जोडी ठेवून मूल्य वेगळं द्या. लेव्हल बंद असेल तेव्हा मजकूर जुळवण्याची मेहनत वाचते. एक्सेप्शन लिहिताना त्याचा नुसता मेसेज घेऊ नका. नल पॉइंटरच्या मेसेजवरून तो कुठून आला आणि कुणी कुणाला हाक मारली होती, हे कळत नाही. अख्खं एक्सेप्शन शेवटचं आर्ग्युमेंट म्हणून द्या, स्टॅक ट्रेस आपोआप येतो. एकच एक्सेप्शन प्रत्येक थरात पकडून, लिहून, पुन्हा वर फेकू नका. जिथे त्याचं काही करणार आहात, तिथेच एकदा लिहा.

कधीकधी सगळं बरोबर करूनही लॉगमध्ये नल पॉइंटरचं नाव दिसतं, पण स्टॅक ट्रेस गायब असतो. तेच एक्सेप्शन त्याच जागी खूप वेळा आलं, की हॉटस्पॉट जेव्हीएम वेळ वाचवायला ट्रेस गाळून टाकतो. अशा वेळी जुन्या फाइलमध्ये मागे जाऊन पहिल्यांदा आलेला ट्रेस शोधा. किंवा ‘ओमिट स्टॅक ट्रेस इन फास्ट थ्रो’ हा जेव्हीएमचा पर्याय बंद करा.

जे लिहायचंच नाही

पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा क्रमांक, आधार, पॅन, सेशनचा टोकन : यातलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये. हे मुद्दाम कुणी लिहीत नाही. पूर्ण रिक्वेस्ट छापणारा फिल्टर डीबगसाठी लावलेला असतो आणि काढायचा राहतो, किंवा लोंबोकनं तयार केलेलं टू-स्ट्रिंग ऑब्जेक्टमधली सगळी फील्ड उलगडून ठेवतं. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या ३३ कोटींहून अधिक युजरना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. एका बगमुळे हॅश होण्याआधीचे पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून ग्राहकाची माहिती सांभाळणं हा फक्त सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही.

बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये घालताना त्यातली नवी-ओळ चिन्हं काढून टाका. नाहीतर कुणीही युजरनेमच्या रकान्यात अर्धी खोटी लॉग ओळ लिहून तुमची दिशाभूल करू शकतो. लॉगबॅकच्या पॅटर्नमध्येच ही बदली करण्याची सोय आहे.

वेग आणि कंटेनर

असिंक अपेंडर लावला की लॉग लिहिणं वेगळ्या थ्रेडवर जातं आणि विनंत्या थांबत नाहीत. पण त्याची रांग मुळात २५६ ओळींची असते आणि तिच्यात २० टक्केच जागा उरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फो ओळी टाकून देतो. गर्दीच्या वेळचे इन्फो लॉग सापडत नसतील, तर कारण हे असू शकतं. म्हणून वेगाची अडचण मोजून दिसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. लावलात, तर रांग वाढवा.

डॉकरमध्ये उलट वागायचं. तिथे फाइल नको, सगळं कन्सोलवर लिहा. गोळा करण्याचं काम बाहेरची यंत्रणा करते. मात्र डॉकरचा मूळचा जेसन-फाइल ड्रायव्हर न सांगता फाइल कापत नाही, त्याला कमाल आकार आणि फाइलींची संख्या द्यावी लागते. लॉग एखाद्या सर्च यंत्रणेत जाणार असेल, तर प्रत्येक ओळ जेसनमध्ये लिहा. स्प्रिंग बूट ३.४ पासून हे एका प्रॉपर्टीनं होतं.

रिलीजआधीची परीक्षा

सगळं बसवल्यावर स्टेजिंगवर मुद्दाम गोष्टी मोडून बघा. डेटाबेस बंद करा, पेमेंट गेटवेचा पत्ता चुकवा, फॉर्ममध्ये वेडंवाकडं काहीतरी भरा. रोलिंगची मर्यादा तात्पुरती १ एमबीवर आणून जुन्या फाइली खरंच दाबल्या आणि पुसल्या जातात का ते पाहा. एक बनावट कार्ड क्रमांक टाकून तो लॉगभर ग्रेप करा, कुठेही सापडता कामा नये. मग लॉग अशा सहकाऱ्याच्या हातात द्या, ज्यानं हा कोड कधी उघडलेला नाही, आणि काय बिघडलं होतं ते त्याला सांगायला लावा. तो जिथे अडखळेल, तिथली ओळ सुधारा. रिलीजच्या चेकलिस्टमध्ये ‘लॉग दुसऱ्याकडून वाचून घेतला’ हा मुद्दा घाला आणि त्याच्यापुढे टिक लागल्याशिवाय वॉर प्रॉडक्शनवर जाऊ देऊ नका.